घर बदलले, चूल तीच राहिली
घरातील विस्तव आणि खेळती हवा यांविषयी

मार्गशीर्ष लागला की गोदाकाठच्या गावांत थंडी हातपाय पसरू लागते. निफाड तालुक्यातील कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात नोंदले गेलेले किमान तापमान मग राज्यभरच्या वृत्तपत्रांत झळकते. काही पहाटे तर पारा ५ अंश सेल्सिअसच्याही खाली उतरतो. अशा वेळी द्राक्षबागायतदार वेलींना व घडांना गारठा बाधू नये म्हणून बागेत जागोजाग शेकोट्या पेटवितात. गावाच्या पारावर शेकोटी पेटते, न्हाणीघराच्या दाराशी बंब पेटतो, आणि घराच्या आत, दारे-खिडक्या लावून घेतलेल्या खोलीत, शेगडी पेटते.

या सर्व ठिकाणी विस्तव एकच असला, तरी एक मोठा भेद आहे. बागेतील आणि पारावरील शेकोटीच्या माथ्यावर मोकळे आभाळ असते. घरातील विस्तवाला मात्र चार भिंती आणि वर छत असते. हा भेद लक्षात न घेतल्यामुळे दर हिवाळ्यात देशात कोठे ना कोठे बंद खोलीत शेगडी ठेवून झोपलेली माणसे सकाळी उठत नाहीत. ही आपत्ती संपूर्णपणे टाळता येण्याजोगी आहे. त्यासाठी मोठा खर्च लागत नाही. विस्तवाचा स्वभाव आणि आपल्या बदललेल्या घराचा स्वभाव, या दोहोंची ओळख तेवढी करून घ्यावी लागते.

जुने घर श्वास घेत होते

सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर या तालुक्यांतील जुनी आदिवासी घरे ज्यांनी पाहिली असतील त्यांना कारवीच्या कुडाच्या भिंती आठवतील. शेणामातीने सारवलेल्या त्या भिंतींतून आणि गवताच्या किंवा कौलांच्या छपरातून हवा सतत झिरपत असे. चुलीचा धूर वर चढून कौलांच्या फटींतून बाहेर पडे. पावसाळ्यात दुरून पाहिले तर अवघे छप्पर धुमसत असल्याचा भास व्हावा! नाशिक शहरातील जुन्या वाड्यांची तऱ्हा निराळी, पण तत्त्व तेच होते. मधला चौक, उंच माळवद, स्वयंपाकघराच्या छतातील झरोका आणि भिंतीतील धुराडे यांच्यामुळे वाड्यातील हवा चालती राही.

ती घरे निर्दोष होती, असे मुळीच नाही. स्वयंपाकघराच्या काजळलेल्या भिंती आणि गृहिणींचे चुरचुरणारे डोळे त्या धुराची साक्ष देत. परंतु त्या घरात जीवघेणा वायू साठून राहणे अवघड होते.

गेल्या काही दशकांत ग्रामीण घरांचे रूप पालटले. वीटबांधकाम आले, सिमेंटचा गिलावा आला, पत्र्याच्या जागी स्लॅब आला, काचेच्या घट्ट बसणाऱ्या खिडक्या आल्या. शासनाच्या घरकुल योजनांमुळे गरिबालाही पक्के छप्पर लाभले, ही समाधानाची गोष्ट होय. मात्र नव्या घरात राहावयास जाताना पुष्कळ कुटुंबांनी चूल आणि शेगडी आहे तशीच बरोबर नेली. पूर्वी भिंती आणि छप्पर जे काम नकळत करीत होते, ते आता कोणीच करीत नाही. म्हणजे घर बदलले, चूल तीच राहिली. आजच्या धोक्याचे मूळ येथे आहे.

धूर दिसतो, वायू दिसत नाही

प्रस्तुत लेखक विज्ञानाचा पदवीधर नाही. तथापि विस्तवाचे शास्त्र समजावयास प्रयोगशाळेची आवश्यकता नाही. लाकूड जळते म्हणजे त्यातील कर्बाचा हवेतील प्राणवायूशी संयोग होतो. प्राणवायू भरपूर असला तर मुख्यतः कार्बन डायऑक्साइड तयार होतो. प्राणवायू अपुरा पडला की ज्वलन अर्धवट राहते. त्यातून धुराचे सूक्ष्म कण निघतात आणि कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायूही निघतो.

या वायूला रंग नाही, वास नाही, चव नाही. तो डोळ्यांना झोंबत नाही की खोकला आणीत नाही. आपल्या रक्तातील हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा या वायूची ओढ दोनशेहून अधिक पटींनी जास्त असते. त्यामुळे श्वासावाटे तो थोडा जरी आत गेला, तरी रक्तातील प्राणवायूची जागा बळकावून बसतो. माणूस श्वास घेत असतो, पण मेंदूला आणि हृदयाला प्राणवायू पोहोचत नाही. झोपेत हे घडले तर जाग येण्यापूर्वीच शुद्ध हरपते.

येथेच एक घातक गैरसमज दूर करणे अगत्याचे आहे. शेगडीतील कोळसे लाल झाले, धूर थांबला, म्हणजे आता भय नाही, असे सर्वत्र मानले जाते. वस्तुस्थिती उलट आहे. निखाऱ्यांत धूर नसतो, पण कार्बन मोनॉक्साइड भरपूर असतो. धूर निदान आपल्याला खोलीबाहेर तरी काढतो. निखारा मात्र गोड ऊब देऊन गाढ झोपवितो. म्हणून शेगडी अंगणात पेटवून, धूर संपल्यावर आत आणली, तरी ती बंद खोलीत निर्धोक ठरत नाही.

असेच आणखी काही समज आहेत. शेगडीशेजारी पाण्याची बादली ठेवली की वायू पाण्यात जिरतो, असे सांगतात. हा वायू पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. ओला रुमाल नाकाशी धरल्यानेही तो अडत नाही. तो जड असून जमिनीलगत बसतो, तेव्हा खाटेवर निजावे, असेही काही जण म्हणतात. प्रत्यक्षात त्याचे वजन हवेच्या जवळपास, किंचित कमीच असते आणि तो सर्व खोलीभर सारखा पसरतो. त्याला उतारा एकच : बाहेरची हवा आत येणे आणि आतली हवा बाहेर जाणे.

बाळंतिणीची खोली

या विषयातील सर्वांत नाजूक भाग बाळंतिणीच्या खोलीचा आहे. बाळ-बाळंतिणीला वारा लागू नये म्हणून दारे-खिडक्या बंद करावयाच्या, फटींत चिंध्या कोंबावयाच्या आणि बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवून शेक द्यावयाचा, ही प्रथा आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. त्यामागील माया खरी आहे. नवजात बालकाला उबेची नितांत गरज असते, हे वैद्यकशास्त्रही सांगते. परंतु कौलारू घरात जी रीत निभावून जात होती, ती स्लॅबच्या खोलीत निभावतेच असे नाही.

काही वर्षांपूर्वी प्रस्तुत लेखकाच्या आप्तांपैकी एका घरी असाच प्रसंग ओढवला. घर नवे, खोली लहान, खिडकीच्या फटींना वर्तमानपत्राचे कागद चिकटविलेले. पहाटे आजीबाई दूध घेऊन खोलीत गेल्या, तेव्हा बाळंतीण आणि तिची आई या दोघींचेही डोके ठणकत होते, एकीला उलटी झाली होती आणि बाळ रडतही नव्हते. कोणी म्हणाले, दृष्ट लागली; कोणी म्हणाले, रात्रीचे जेवण बाधले. मीठ-मोहऱ्या उतरविण्यासाठी दार उघडे राहिले आणि तेवढ्या हवेने तिघांना तारले. दवाखान्यात डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "खोलीत शेगडी होती काय?" तिघेही सुखरूप घरी परतली, ते दैव बलवत्तर म्हणूनच.

गर्भवती स्त्री आणि पोटातील बालक यांना तर या वायूचा उपसर्ग अधिकच होतो, कारण गर्भाच्या रक्तात तो अधिक काळ टिकून राहतो. यास्तव शेक द्यावयाचा असल्यास तो दिवसा, दार उघडे ठेवून, कोणीतरी जागे असताना द्यावा आणि लगेच शेगडी खोलीबाहेर न्यावी. रात्रीच्या उबेसाठी टोपडे, दुपटी, गोधडी आणि आईच्या छातीशी बाळाला उघड्या अंगाने धरून वर पांघरूण घेणे, हे उपाय पुरेसे आहेत. शेवटचा उपाय आज रुग्णालयांतूनही कमी वजनाच्या बालकांसाठी योजला जातो.

हवेला दोन वाटा हव्यात

ज्या घरात चूल पेटते तेथे हवेसाठी दोन वाटा असणे आवश्यक आहे : एक खालून आत येण्याची, दुसरी वरून बाहेर जाण्याची. तापलेली हवा हलकी होऊन वर चढते. तिला छताजवळ वाट मिळाली तर ती निघून जाते आणि तिच्या जागी खालून थंड, ताजी हवा येते. नुसती वरची खिडकी उघडून आणि खालचे दार घट्ट लावून हा ओघ नीट चालत नाही. बाटलीचे बूच काढून ती सरळ उपडी केली तर पाणी अडखळत बाहेर पडते, तसाच हा प्रकार होय.

धुराडे हे या नियमाचेच सुधारलेले रूप आहे. चुलीच्या मागील तोंडाशी जोडलेला पाइप शक्यतो सरळ, कमीत कमी वळणांचा असावा. त्याचे वरचे टोक भिंतीबाहेर अर्ध्यावर न सोडता छपराच्या वर, निदान दोन फूट न्यावे. ते छपरापेक्षा ठेंगणे राहिले तर वारा धूर उलट घरात लोटतो. टोकावर पावसासाठी टोपी बसवावी, पण तिने तोंड कोंडता कामा नये. पाइप जेथे लाकडी वाशांजवळून किंवा गवती छपरातून जातो, तेथे पुरेसे अंतर राखून मधे पत्रा व मातीचा थर द्यावा. अन्यथा धुराड्यानेच आग लागावयाची.

धुराड्यात काजळी साचते. तिने वाट अरुंद झाली की धूर घरात परततो आणि एखादे दिवशी काजळीच पेट घेते. रोज चूल पेटणाऱ्या घरात महिन्यातून एकदा, चूल पूर्ण थंड असताना, लांब काठीला चिंध्या बांधून धुराडे साफ करावे. पावसाळ्यानंतर पहिल्यांदा वापरताना पक्ष्यांची घरटी आत नाहीत ना, हेही पाहावे.

ओघ चालू आहे की नाही, हे ओळखण्याची एक सोपी युक्ती आहे. चूल पेटलेली असताना उदबत्ती पेटवून चुलीच्या तोंडाशी धरावी. तिचा धूर चुलीत ओढला गेला तर धुराडे नीट चालते असे समजावे. तो खोलीत फिरू लागला किंवा चुलीकडून आपल्याकडे आला, तर हवेची वाट कोठेतरी कोंडली आहे. स्वयंपाकघरात विजेचा पंखा बसवून हवा बाहेर फेकली जात असेल आणि खिडकी बंद असेल, तर तो पंखा धुराड्यातूनच हवा खेचतो आणि धूर उलटा आत येतो. म्हणून पंखा चालू असताना खिडकी उघडी ठेवावी.

सरपण कसे असावे

धूर कमी करण्याचा निम्मा उपाय सरपणात आहे. नुकत्याच तोडलेल्या लाकडाच्या वजनात जवळजवळ निम्मे पाणी असू शकते. असे लाकूड जाळले म्हणजे विस्तवाची बरीच उष्णता पाणी आटविण्यात खर्ची पडते, ज्वाळा मंदावते आणि धूर वाढतो. लाकूड फोडून, ढलप्या करून, जमिनीपासून थोडे उंच, वारा लागेल अशा रीतीने रचावे, वरून पावसापासून झाकावे आणि सहा महिने वाळू द्यावे. वाळलेल्या लाकडाच्या टोकांना चिरा पडतात, ते हाताला हलके लागते आणि दोन ढलप्या एकमेकींवर आपटल्या की खणखणीत आवाज येतो.

नाशिक जिल्ह्यात एप्रिल आणि ऑक्टोबरच्या छाटणीनंतर द्राक्षाच्या काड्या मुबलक मिळतात आणि मजुरांच्या चुलीत त्या हटकून जातात. या काड्या ओल्या असताना वापरू नयेत. रंग दिलेले लाकूड, प्लायवूडचे तुकडे, औषधाच्या रिकाम्या पिशव्या आणि प्लॅस्टिक यांतील काहीही चुलीत घालू नये, कारण त्यांच्या धुरात विषारी द्रव्ये असतात. चूल पेटविण्यासाठी रॉकेल किंवा पेट्रोल ओतणे म्हणजे भडक्याला निमंत्रण देणे होय. वाळलेल्या काटक्या आणि गोवरीचा तुकडा त्यासाठी पुरेसा असतो.

रात्र, राख आणि बंब

रात्री विस्तव राखेखाली झाकून ठेवावयाचा आणि पहाटे तोच फुंकून चूल पेटवावयाची, ही काटकसरीची जुनी सवय आहे. आगपेटी महाग होती तेव्हा ती योग्यच होती. परंतु राखेखालचा निखारा रात्रभर अपुऱ्या हवेत धुमसतो आणि विषारी वायू सोडत राहतो. एकाच खोलीत चूल आणि अंथरूण असेल, तर निजण्यापूर्वी विस्तव पूर्ण विझवावा किंवा शेगडी बाहेर न्यावी. बागेच्या वा कांद्याच्या कामासाठी आलेली मजूर कुटुंबे प्लॅस्टिकच्या ताडपत्रीखाली मुक्काम करतात. तेथेही हाच नियम लागू आहे. ताडपत्रीतून हवा झिरपत नाही.

विझलेली वाटणारी राख चोवीस तासांनंतरही आत जिवंत असू शकते. ती पत्र्याच्या बादलीत काढून, पाणी शिंपडून, गोठा व कडब्याच्या गंजीपासून दूर टाकावी.

भांड्यांसाठी नावाजलेल्या नाशिकच्या तांबटांनी घडविलेला तांब्याचा बंब अजूनही अनेक घरांत आहे. बंबाच्या पोटात विस्तव असतो आणि मधल्या नळीतून धूर वर जातो. म्हणून तो अंगणात किंवा पडवीत ठेवण्याची आपल्या वडीलधाऱ्यांची रीत शहाणपणाची होती. तो बंद न्हाणीघरात नेऊ नये. गॅसवर चालणारे पाणी तापविण्याचे यंत्र लहान, बंद स्नानगृहात बसविल्यानेही हेच संकट ओढवते. इंधन बदलले तरी विस्तवाचा नियम बदलत नाही.

लक्षणे आणि प्रथमोपचार

डोके जड होणे, गरगरणे, मळमळ, अंगातील शक्ती गेल्यासारखे वाटणे आणि गुंगी ही या विषबाधेची लक्षणे होत. ती सर्दी-तापासारखी किंवा अन्न बाधल्यासारखी वाटतात. मात्र एकाच खोलीतील अनेकांना एकदम त्रास होऊ लागला, ताप नसला आणि बाहेर मोकळ्या हवेत गेल्यावर बरे वाटले, तर विस्तवाचा संशय घ्यावा.

अशा वेळी प्रथम दारे-खिडक्या उघडाव्यात. मदतीला जाणाऱ्याने स्वतः आत रेंगाळू नये. रुग्णाला उचलून ताबडतोब मोकळ्या जागी आणावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी. श्वास थांबला असल्यास व कृत्रिम श्वासोच्छ्वासाचे शिक्षण घेतलेले कोणी असल्यास त्याने तो सुरू करावा. नुसत्या हवेत रक्तातील हा वायू निम्मा होण्यास चार ते पाच तास लागतात. शुद्ध प्राणवायू दिल्यास हा काळ सुमारे दीड तासावर येतो. म्हणून बरे वाटू लागले तरी दवाखान्यात नेणे टाळू नये. बोटाला लावण्याचे प्राणवायू मोजणारे छोटे यंत्र या विषबाधेत फसवे ठरते, कारण त्याला दोन वायूंतील भेद कळत नाही आणि ते आकडा चांगला दाखविते. आशा कार्यकर्त्यांनी ही गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी.

योजनांनी दिलेला धडा

चुलीच्या सुधारणेचा विचार महाराष्ट्राला नवा नाही. वर्ध्याच्या मगनवाडीतून 'मगन चूल' पुढे आली. केंद्र शासनाचा राष्ट्रीय सुधारित चूल कार्यक्रम १९८३-८४ मध्ये सुरू झाला आणि निर्धूर चुली खेडोपाडी बसविल्या गेल्या. हा कार्यक्रम २००२ मध्ये थांबला. पुण्याच्या अप्रोप्रिएट रूरल टेक्नॉलॉजी इन्स्टिट्यूटने डॉ. आनंद कर्वे यांच्या मार्गदर्शनाखाली चुलींच्या नव्या रचनांवर काम केले. १ मे २०१६ रोजी उज्ज्वला योजना सुरू झाली आणि गॅस गरिबांच्या स्वयंपाकघरात पोहोचला. गॅस हे घरातील धुरावरचे खरे उत्तर आहे. तरीही भाकरीसाठी, जनावरांच्या आंबोणासाठी, आंघोळीच्या पाण्यासाठी आणि थंडीसाठी लाकडाचा विस्तव अनेक घरांत टिकून आहे.

निर्धूर चुलींच्या इतिहासातून एक धडा घ्यावासा वाटतो. ज्या घरात धुराडे साफ झाले आणि फुटलेला पाइप बदलला गेला, तेथे चूल टिकली. जेथे ती केवळ बसवून दिली गेली, तेथे काही काळाने धुराडे कोंडले आणि धूर पुन्हा घरात आला. वस्तू देणे सोपे असते. ती कशी चालते हे समजावून देणे आणि पुन्हा जाऊन पाहणे, हे खरे काम होय. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० मध्ये घरातील प्रदूषित हवेमुळे जगात सुमारे ३२ लाख मृत्यू झाले. यांतील बहुसंख्य मृत्यू वायूच्या एका रात्रीच्या घाल्याने झालेले नाहीत. वर्षानुवर्षांच्या धुराने जडलेल्या फुप्फुसाच्या व हृदयाच्या विकारांनी झालेले आहेत. हवेची वाट मोकळी केली तर या दोन्ही शत्रूंना एकाच वेळी पायबंद बसतो.

गावाने काय करावे

घरकुलाच्या बांधकामाची पाहणी करताना ग्रामसेवक व अभियंता यांनी एक प्रश्न आवर्जून विचारावा : येथे चूल पेटणार आहे काय, आणि पेटणार असल्यास तिचा धूर कोठून जाणार? स्लॅब ओतण्यापूर्वी धुराड्यासाठी जागा ठेवणे फुकट असते. नंतर स्लॅब फोडणे महाग पडते. दिवाळीनंतरच्या ग्रामसभेत शेगडीचा विषय पाच मिनिटे जरी मांडला, तरी तो घरोघर पोहोचेल. अंगणवाडी सेविकांनी बाळंतिणीच्या खोलीत गेल्यावर बाळाचे वजन पाहण्याबरोबर खिडकीही पाहावी.

शिक्षकांचे काम सर्वांत सोपे आणि सर्वांत परिणामकारक आहे. पेटत्या मेणबत्तीवर काचेचा पेला उपडा घालावा. ज्योत काही क्षणांत मालवते. मग मुलांना विचारावे की, पेल्यातल्या ज्योतीला हवी असलेली हवा रात्री बंद खोलीतल्या शेगडीला कोठून मिळते, आणि त्याच खोलीत झोपलेल्या आजीला कोठून मिळते? उत्तर मुले स्वतःच देतील. त्या दिवशी संध्याकाळी घरी जाऊन ती खिडकीची एक फळी उघडतील, आणि एखाद्या घरात तेवढ्यानेच सकाळी सर्व जण उठतील.